रुग्णखाटेकडून ग्रामसभेकडे : आंतरवासी डॉक्टर आणि बालआरोग्याचे धोरण

वैद्यकीय पदवीची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर प्रत्येक विद्यार्थ्यास एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण करावी लागते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२१ साली ठरविलेल्या नियमांनुसार या वर्षातील १२ आठवडे सामाजिक वैद्यकशास्त्रासाठी, म्हणजे मुख्यतः आरोग्य केंद्रांतील कामासाठी, राखून ठेवण्यात आले आहेत. बालरोग विभागासाठी ३ आठवडे आहेत. कागदोपत्री ही तरतूद समाधानकारक वाटते. प्रत्यक्षात मात्र हे १२ आठवडे बाह्यरुग्ण विभागातील गर्दी आवरणे, लसीकरणाच्या सत्रास हजेरी लावणे आणि उरलेल्या वेळात पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची तयारी करणे यांतच संपतात, असे अनेक ठिकाणी आढळते.

यातून होणारी हानी सहसा नजरेस येत नाही. आजचा आंतरवासी डॉक्टर उद्या वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी अथवा बालरोगतज्ज्ञ होणार असतो. बालकांच्या आरोग्याविषयीचे निर्णय कोठे होतात, कोणाच्या सहीने होतात, त्यासाठी पैसा कोणत्या शीर्षाखाली येतो आणि तो का अडतो, हे समजून घेण्याची त्याची ही बहुधा पहिली संधी असते. पुष्कळांच्या बाबतीत ती शेवटचीही ठरते. या अल्प काळाचा उपयोग बालआरोग्याच्या धोरणाचे शिक्षण देण्यासाठी कसा करता येईल, आणि त्यात अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांचा वाटा कोणता, याचा विचार येथे केला आहे.

प्रश्नाचे आजचे स्वरूप

नमुना नोंदणी योजनेच्या आकडेवारीनुसार १९७१ साली भारतात दर १,००० जिवंत जन्मांमागे १२९ अर्भके वर्षाच्या आत मृत्यू पावत. २०२० साली हे प्रमाण २८ पर्यंत खाली आले. त्याच वर्षी महाराष्ट्रातील प्रमाण १६ होते. ही प्रगती निःसंशय मोठी आहे. परंतु याच आकडेवारीत आणखी एक गोष्ट दिसते. २०२० साली देशात दर १,००० जन्मांमागे झालेल्या २८ अर्भकमृत्यूंपैकी २० मृत्यू जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतील होते. म्हणजे उरलेला प्रश्न प्रामुख्याने नवजात बालकाचा, त्याच्या आईच्या प्रकृतीचा आणि पहिल्या महिन्यातील घरच्या काळजीचा आहे.

कुपोषणाचे चित्र अधिक चिंताजनक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील दर १०० बालकांपैकी सुमारे ३५ बालके वयाच्या मानाने खुजी, सुमारे २६ बालके उंचीच्या मानाने कृश आणि सुमारे ३६ बालके वयाच्या मानाने कमी वजनाची होती. ही राज्याची सरासरी झाली. मेळघाटातील किंवा सातपुड्याच्या रांगांतील एखाद्या पाड्याची स्थिती या सरासरीत दडून जाते. मोठ्या शहराच्या झोपडवस्तीतील बालकाचेही तेच होते.

रुग्णालयात आलेल्या न्यूमोनियाच्या बालकावर उपचार कसे करावेत, हे आंतरवासी डॉक्टरास ठाऊक असते. ते बालक रुग्णालयात तीन दिवस उशिरा का आले, याचे उत्तर मात्र त्याच्या पाठ्यपुस्तकात नसते. ते रस्ता, मजुरी, रिक्त पद, नादुरुस्त वजनकाटा आणि अडलेला निधी यांत विखुरलेले असते.

विचार जुना, व्यवहार अपुरा

डॉक्टरास समाजाचे शिक्षण द्यावयास हवे, हा विचार नवा नाही. १९४६ साली सादर झालेल्या भोर समितीच्या अहवालाने प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाच्या तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाची शिफारस केली होती. ‘सामाजिक वैद्य’ घडविणे हा त्यामागील हेतू होता. श्रीवास्तव समितीच्या १९७५ च्या अहवालानंतर १९७७ साली वैद्यकीय शिक्षणाच्या पुनर्रचनेची योजना आली. तीनुसार प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने प्रारंभी तीन विकासगटांच्या आरोग्यसेवेची जबाबदारी उचलावयाची होती.

महाराष्ट्रात सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने या विचारास आपल्या अभ्यासक्रमातच स्थान दिले. तेथे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि त्या गावातील कुटुंबांशी संबंध ठेवते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ पासून कुटुंब दत्तक कार्यक्रम सर्व महाविद्यालयांसाठी आणला. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी जिल्हा आरोग्य यंत्रणेत तीन महिने काम करण्याची तरतूद २०२० साली अधिसूचित झाली.

तेव्हा नियमांची उणीव आहे, असे म्हणता येणार नाही. उणीव आहे ती आशयाची. गावात गेलेला विद्यार्थी रक्तदाब मोजतो, गोळ्या वाटतो, सर्वेक्षणाचे तक्ते भरतो आणि परत येतो. तक्त्यातील आकडा पुढे कोठे जातो, त्याचे काय होते, तो आकडा बदलावयाचा तर कोणाकडे जावे लागते, हे त्यास कोणी दाखवून देत नाही.

धोरण आणि पाठपुरावा

धोरण या शब्दाने मंत्रालय वा संसद डोळ्यांपुढे येते. बालआरोग्याच्या बाबतीत मात्र धोरणाचा मोठा भाग गाव, तालुका व जिल्हा या पातळ्यांवरच ठरतो. अंगणवाडीची गळकी खोली यंदा दुरुस्त करावयाची की नाही, पाड्यापर्यंत साकव बांधावयाचा की नाही, आरोग्यसेविकेचे रिक्त पद भरेपर्यंत तिचे काम कोणी करावयाचे, हेही धोरणच होय. बालकास स्वतःची बाजू मांडता येत नाही. मतदारयादीत त्याचे नाव नसते. म्हणून त्याच्या प्रकृतीविषयी ज्यास माहिती आहे, त्याने ती माहिती निर्णय घेणाऱ्यांपुढे पुराव्यासह मांडावी आणि निर्णय होईपर्यंत तिचा मागोवा घ्यावा, यालाच येथे पाठपुरावा म्हटले आहे.

डॉक्टरांनी या क्षेत्रात पडावे काय, हा वाद अन्य देशांतही झाला आहे. अमेरिकेत १९२१ साली माता व बालकांच्या आरोग्यासाठी संघराज्याकडून निधी देणारा शेपर्ड-टाउनर कायदा झाला. १९२२ साली तेथील वैद्यक संघटनेच्या बालरोग शाखेने या कायद्यास पाठिंबा दिला, तर संघटनेच्या मुख्य सभेने विरोध केला. या मतभेदातून पुढे १९३० साली बालरोगतज्ज्ञांची स्वतंत्र अकादमी स्थापन झाली. आज तेथील बालरोगाच्या शिकाऊ डॉक्टरांच्या प्रशिक्षणात बालकांची बाजू मांडण्याच्या कामाचा समावेश असतो, आणि कायदे व अंदाजपत्रके कशी घडतात हे प्रत्यक्ष पाहण्यासाठी काही जण अकादमीच्या वॉशिंग्टन येथील कार्यालयात अल्पकाळ उमेदवारीही करतात.

महाराष्ट्रास या बाबतीत दूरचा दाखला शोधण्याची गरज नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत, गावातल्याच स्त्रियांना शिकवून, घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. बाळाचे वजन करणे, त्यास ऊब देणे, स्तनपानास साहाय्य करणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि त्यावर उपचार करणे ही कामे या स्त्रिया करीत. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात १९९९ साली प्रसिद्ध झाले. आशा कार्यकर्तींमार्फत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०११ साली आला. उपाय सिद्ध होणे आणि तो देशाचा कार्यक्रम होणे यांत १२ वर्षे गेली. या १२ वर्षांतील काम म्हणजे पाठपुरावा. ते औषधशास्त्राच्या पुस्तकात नसते, तरी त्यावाचून औषध घरापर्यंत पोहोचत नाही.

एका मृत्यूचा अभ्यास

आंतरवासी डॉक्टरास हे शिक्षण व्याख्यानांतून देता येणार नाही. एका प्रकरणाचा मुळापासून अभ्यास करणे, हा त्याचा उत्तम मार्ग आहे. भारत सरकारने २०१४ साली बालमृत्यू अन्वेषणाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या असल्याने त्यास अधिकृत आधारही आहे. उदाहरणादाखल असे समजू की, प्राथमिक आरोग्य केंद्रात जन्मलेले १,७०० ग्रॅम वजनाचे बाळ दुसऱ्या दिवशी घरी नेण्यात आले आणि ओढ्यापलीकडील पाड्यावर चौथ्या दिवशी दगावले. मृत्यूचे कारण म्हणून ‘कमी वजन’ असे लिहिले गेले. अभ्यास येथून सुरू व्हावयास हवा. त्यात पाच दुवे तपासावयाचे आहेत.

पहिला दुवा आईच्या प्रकृतीचा. गरोदरपणात तिचे वजन किती वाढले, रक्तक्षय होता काय, कामास विसावा मिळाला काय? आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना चौरस आहार देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना राज्यात २०१५ पासून आहे. तो आहार या मातेपर्यंत नियमितपणे पोहोचला काय?

दुसरा दुवा रुग्णालयातून घरी जाण्याचा. इतक्या कमी वजनाच्या बाळास नवजात शिशूंच्या विशेष दक्षता कक्षात हलवावयास हवे होते. तसे सुचविले गेले काय? सुचविले असूनही कुटुंबाने नकार दिला असेल, तर का? घरी दुसरे लहान मूल असेल, मजुरी बुडणार असेल, दूरच्या शहरात सोबतच्या माणसाने कोठे राहावयाचे हा प्रश्न असेल. ‘नातेवाइकांनी ऐकले नाही’ एवढ्या एका वाक्यात हे सारे मिटवून टाकणे योग्य नव्हे.

तिसरा दुवा घरभेटीचा. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे आशा कार्यकर्तीने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जावयाचे असते. तिसऱ्या दिवसाची भेट झाली काय? झाली असल्यास तिच्याजवळ चालू स्थितीतील वजनकाटा व तापमापक होता काय? झाली नसल्यास पद रिक्त होते, की ओढ्यास पूर होता?

चौथा दुवा वाटेचा व वाहनाचा. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बालकास मोफत वाहनाची सोय आहे. निरोप कोणी दिला, तो किती वाजता पोहोचला, वाहन कोठपर्यंत येऊ शकले?

पाचवा दुवा नोंदीचा. हा जन्म आणि हा मृत्यू ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत आहे काय? जन्मल्यावर काही तासांत दगावलेले बाळ पुष्कळदा ‘उपजत मृत्यू’ म्हणून लिहिले जाते किंवा अजिबात लिहिले जात नाही. आरोग्य केंद्र, अंगणवाडी आणि ग्रामपंचायत या तिन्ही ठिकाणच्या नोंदी समोरासमोर ठेवल्या म्हणजे हा फरक ध्यानात येतो.

प्रत्येक दुव्यापुढे दोन गोष्टी लिहावयाच्या : काय तुटले, आणि ते जोडण्याचा अधिकार कोणाचा. साकवाची मागणी ग्रामसभेने ठराव करून वर पाठवावयाची. वजनकाट्याची दुरुस्ती ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या निधीतून किंवा केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीमार्फत होऊ शकते. रिक्त पदाचा प्रश्न जिल्हा परिषदेपुढे नेण्याचा आहे. दक्षता कक्षाजवळ मातेच्या व सोबत्याच्या निवासाची व्यवस्था हा जिल्हा व राज्य पातळीवरचा विषय. असा तक्ता तयार झाला की, ‘यंत्रणा सुधारली पाहिजे’ या मोघम वाक्याच्या जागी चार निश्चित मागण्या आणि चार निश्चित पत्ते येतात.

मांडणीची शिस्त

गोळा केलेली माहिती योग्य व्यक्तीपुढे योग्य रीतीने मांडणे, हाही शिक्षणाचा भाग आहे. आंतरवासी डॉक्टराने दोन पानांचे टिपण लिहावे. पहिल्या पानावर वस्तुस्थिती व आकडे, दुसऱ्यावर सूचना, प्रत्येक सूचनेचा अंदाजी खर्च व जबाबदार अधिकारी. टिपणाची भाषा ग्रामसभेत वाचून दाखविता येईल अशी सोपी मराठी असावी. ‘तीव्र कुपोषण’ म्हणताना दंडघेर मोजण्याची पट्टी दाखवावी आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरल्यास ते बालक धोक्यात असते, हे हातात पट्टी देऊन समजावावे.

काही मर्यादा कटाक्षाने पाळावयास हव्यात. टिपणात कुटुंबाचे नाव वा ओळख येता कामा नये. ज्या आईचे मूल गेले आहे, तिची चौकशी आरोपीप्रमाणे होऊ नये. तिच्या संमतीने, तिच्या सोयीच्या वेळी आणि आरोग्यसेविकेस सोबत घेऊन बोलावे. मांडणी कोणत्याही पक्षाच्या बाजूने वा विरोधात नसावी. टिपण प्रथम वैद्यकीय अधिकाऱ्यापुढे ठेवावे व त्याच्या मार्गदर्शनाने पुढे न्यावे.

खऱ्या आकड्याची भीती

या साऱ्या प्रयत्नाची कसोटी एका ठिकाणी लागते. मृत्यूंची खरी नोंद झाली तर केंद्राचा आकडा वाढतो. आकडा वाढला की आढावा बैठकीत जाब विचारला जातो. तो जाब शेवटी सर्वांत खालच्या पायरीवरील सेविकेपर्यंत येऊन थांबतो. तिला याची जाणीव असते. त्यामुळे एखादा मृत्यू उपजत ठरतो, एखादा शेजारच्या गावाच्या नावे जातो, तर एखादा कोठेच लिहिला जात नाही. न लिहिलेल्या मृत्यूसाठी कोणतीही योजना आखली जात नाही.

याचे मोल महाराष्ट्राने अनुभवले आहे. राज्यातील स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन निवडक भागांत बालमृत्यूंची मोजणी केली आणि २००१ साली ‘कोवळी पानगळ’ या नावाने अहवाल प्रसिद्ध केला. शासकीय नोंदीत दिसणाऱ्या मृत्यूंहून प्रत्यक्षातील मृत्यू कितीतरी अधिक असल्याचे त्यातून पुढे आले. त्यानंतर राज्य शासनाने बालमृत्यूंच्या मूल्यमापनासाठी डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ज्या टीकेमुळे यंत्रणा अडचणीत आली, त्याच टीकाकाराकडे मूल्यमापनाचे काम सोपविण्याचा हा निर्णय लक्षात ठेवण्याजोगा आहे. धोरणाच्या सुधारणेचा प्रारंभ आकडा खरा मानण्यापासून होतो, हा त्याचा अर्थ.

आंतरवासी डॉक्टर या ठिकाणी विशेष उपयोगी पडू शकतो. तो त्या केंद्राचा कायम सेवक नसतो. आकडा वाढल्याने त्याची वेतनवाढ रोखली जाण्याचा प्रश्न नसतो. त्याने नोंदी ताडून पाहिल्यास सेविकेवर रोष न येता सत्य पुढे येऊ शकते. मात्र त्यासाठी वरिष्ठांनी एक आश्वासन द्यावयास हवे : खरी नोंद करणाऱ्यास शिक्षा होणार नाही. हे आश्वासन न देता अशा विद्यार्थ्यास गावात धाडले, तर तो १२ आठवड्यांत जे शिकेल ते घातक असेल. आकडा कसा सांभाळावा, हेच तो शिकेल.

१२ आठवड्यांची आखणी

पहिले दोन आठवडे नोंदवह्या, योजनांचे शासननिर्णय आणि केंद्राचे अंदाजपत्रक वाचण्यात जावेत. पुढील चार आठवडे आशा व अंगणवाडी सेविका यांच्यासमवेत घरभेटी व्हाव्यात. याच काळात एका प्रकरणाची निवड व अभ्यास करावा. सातव्या व आठव्या आठवड्यात ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांच्या बैठकींस श्रोता म्हणून उपस्थित राहण्याची अनुज्ञा मिळावी. नवव्या व दहाव्या आठवड्यात टिपण लिहून ते ग्रामसभेत वा समितीत मांडावे. उरलेल्या दोन आठवड्यांत कोणत्या सूचनेचे काय झाले याची नोंद करून ती पुढील तुकडीच्या हाती सोपवावी. बाह्यरुग्ण विभागातील सकाळचे काम सांभाळूनही हे साधता येते. शेवटचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. माणसे बदलतात म्हणून पाठपुरावा तुटतो. वही एक राहिली तर तो टिकतो.

सर्वांचे कर्तव्य

संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने पोषणाची पातळी व सार्वजनिक आरोग्य उंचावणे हे राज्याचे कर्तव्य मानले आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत आरोग्य, कुटुंबकल्याण आणि महिला व बालविकास हे विषय पंचायतींसाठी नमूद केले आहेत. म्हणून गावात आलेला आंतरवासी डॉक्टर हा केवळ महाविद्यालयाचा विद्यार्थी राहत नाही. गावाच्या हाती आलेले ते एक साधन असते. पंचायत सदस्यांनी त्यास बोलावून विचारावे : आपल्या गावात गेल्या वर्षी किती बालके जन्मली, किती दगावली आणि त्यांपैकी किती वाचू शकली असती? ग्रामपंचायतीने महिला व बालकल्याणासाठी राखावयाचा १० टक्के निधी कोठे खर्च झाला, हा प्रश्नही याच चर्चेत यावा.

वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांनी आंतरवासितेच्या मूल्यमापनात या टिपणास स्थान द्यावे. ज्याचे गुण नाहीत ते विद्यार्थी गांभीर्याने घेत नाहीत, हा सार्वत्रिक अनुभव आहे. शाळांतील शिक्षकांना गावातील स्थलांतरित कुटुंबांची माहिती इतरांहून अधिक असते. हंगामी कामासाठी गेलेल्या आईबापांबरोबर कोणती लहान बालके गावाबाहेर गेली, हे त्यांनी कळविल्यास नोंदीतून निसटणारी बालके सापडू शकतील. अधिकाऱ्यांनी प्रत्येक टिपणास लेखी उत्तर द्यावे. सूचना मान्य करता येत नसेल तर तसे कारणासह कळवावे. कारणासह मिळालेला नकारही विद्यार्थ्यास कारभार शिकवितो. उत्तरच न मिळणे मात्र त्यास एवढेच शिकविते की, लिहून काही होत नाही.

अशा रीतीने १२ आठवडे खर्ची पडले, तर प्रत्येक आंतरवासी डॉक्टर निदान एका बालकाच्या मृत्यूचे कारण रोगाच्या नावापलीकडे जाऊन समजून घेईल आणि ते कारण दूर करण्यासाठी कोणत्या दारी जावे लागते हे जाणून परतेल. पुढे तो कोणत्याही शाखेचा तज्ज्ञ झाला, तरी हे ज्ञान त्याच्याजवळ राहील. ओढ्यावरचा साकव आणि बाळाचा श्वास यांचा संबंध ज्याने एकदा स्वतः शोधून काढला आहे, तो पुढे मृत्यूच्या दाखल्यावर केवळ ‘कमी वजन’ असे लिहून थांबणार नाही.